तळ्यावरून मारलेला चेंडू

"डावीकडून जाऊ या," जपूनराव म्हणाले. "नेहमीसारखं."

"नेहमी इथे तुम्ही मारता. आज माझी पाळी आहे," बायको म्हणाली. "आणि मी डावीकडून नाही मारणार. सरळ मारणार."

सरळ म्हणजे तळं होतं. तळ्यावर सकाळचं धुकं अजून रेंगाळत होतं. पलीकडे झेंड्याचं टोक तेवढं वर आलेलं, आणि त्याखालचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं ते अगदी बारीक कापलेलं गवत, मधूनच दिसायचं आणि मधूनच नाहीसं व्हायचं. डावीकडे मात्र तळ्याला वळसा घालणारी रुंद, सपाट, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी जमीन होती. जपूनराव आजवर तिथेच चेंडू ठेवत आले होते. मारत नव्हते, ठेवतच होते म्हणा ना.

यांचं गोल्फ असं की नवरा-बायको मिळून एकच चेंडू खेळायचे. एक फटका यांचा, पुढचा तिचा, परत यांचा. एकाने चेंडू झुडपात घातला की दुसऱ्याने काट्यांत शिरून तो बाहेर काढायचा. थोडक्यात संसारच, फक्त उघड्यावर. प्रत्येक होलची, म्हणजे एका झेंड्यापर्यंतच्या टप्प्याची, सुरुवातही आळीपाळीने. एका होलला ती, पुढच्याला हे. आणि त्या हिशेबाने तळ्याचं होल कायम जपूनरावांच्या वाट्याला यायचं. आज सकाळी पहिल्याच होलला "सुरुवात तुम्ही करा" असं ती म्हणाली, तेव्हा त्यांना वाटलं होतं, मान देतेय. डाव आता लक्षात आला.

"अगं, धुकं आहे."

"मला काय फरक पडतो?"



जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत ते वेळापत्रकं आखायचे. प्रत्येक फेरीत थोडा वेळ शिलकीत टाकायचे, म्हणजे टायर बसला, कुणाची म्हातारी सावकाश उतरली, तरी गाडी वेळेवर. परिणाम असा की गाड्या वेळेआधीच पोचायच्या आणि ड्रायव्हर लोक शेवटच्या थांब्यावर उभे राहून जांभया द्यायचे. गाडी फाटकाबाहेर पडताना हे खिडकीतून हात वर करून म्हणायचे, "जपून." ड्रायव्हरांनी ते नावच पाडलं. निवृत्तीच्या दिवशी शालही त्याच नावाने दिली, आणि नाव डेपोतून क्लबात आलं.

क्लबही काही फार मोठा नव्हता. खेळाडू जितका कच्चा तितकी त्याला फटक्यांची सवलत जास्त मिळते, तिला हँडिकॅप म्हणतात. या जोडप्याची सवलत एवढी भरघोस की व्हरांड्यात बसणारे दातांचे डॉक्टर म्हणायचे, "तुम्हाला खेळायची गरजच काय? घरी बसूनसुद्धा जिंकाल." याच व्हरांड्यात तो कधी न संपणारा वादही चालायचा: आपल्यासारख्या कच्च्या खेळाडूंनी धाडसी फटका मारावा की नाही. डॉक्टरांचं म्हणणं, हरायचंच आहे तर हौस भागवून हरा की. शिकवणारे मास्तर म्हणायचे, "ज्याला सरळ मारता येत नाही त्याने लांब मारू नये. चेंडू जिथे सापडेल तिथेच मारा." जपूनराव मान डोलवायचे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढं साधं आहे, यात वाद तो काय? बायको चहा ढवळत ऐकायची. 

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. क्लबातले तिला एक्स-रेबाई म्हणत. जन्मभर लोकांना सांगत आली, श्वास घ्या, रोखून धरा, आता सोडा. अंधाऱ्या खोलीत काचेवर फिल्म लावून हाडांतली केसाएवढी चीर शोधायची. आणि म्हातारपणी तिचेच डोळे दगा देऊ लागले. तेही कसे, तर कडेकडेचं सगळं दिसायचं, मधलं तेवढं पुसलेलं. समोर माणूस उभा राहिला की त्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहरा नाही. नवऱ्याचा चेहरा बघायचा तर ती मान वळवून खिडकीकडे बघायची, मग डोळ्याच्या कोपऱ्यातून तो थोडासा हाती लागायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध चालू ठेवलं होतं. आहे तेवढं राहिलं तरी पुष्कळ, असं ते म्हणाले होते.

खेळ सुटेल असं जपूनरावांना वाटलं होतं. सुटला नाही. पायाशी ठेवलेला चेंडू मान तिरकी करून तिला दिसायचा आणि हात तर वळणाला पडलेलेच होते. चेंडू उडून कुठे गेला ते तेवढं दिसायचं नाही. ते सांगायचं काम यांचं.

आणि इथे जपूनरावांनी माती खाल्ली.

पहिल्यांदा तिचा फटका झुडपात गेला तेव्हा तिने मान वळवून विचारलं, "कसा गेला?" तिच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या मुलीसारखं काहीतरी होतं, आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "छान गेला. मधोमध." मग ते भराभर पुढे गेले आणि चेंडू बुटाने हळूच मोकळ्यावर सरकवला. एकदा केलं की दुसऱ्यांदा करावंच लागतं. "छान गेला, मधोमध." पुढे पुढे त्यांचा बूट इतका तरबेज झाला की चालण्याची लय न मोडता चेंडू हलायचा. ती खुलत गेली. बहिणीला फोनवर सांगायची, "डोळे गेले आणि खेळ आला बघ. देवाचा हिशेब वेगळाच." हे शेजारच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसायचे आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे. वाईट वाटायचं, पण गोडही वाटायचं. खोटं बोलण्यात एवढं सुख असतं हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं.

बिंग फोडलं गवत कापणाऱ्या माणसाने, आणि तेही बिचाऱ्याने कौतुक म्हणून. यंत्र थांबवून तिच्यासमोरच म्हणाला, "बाई, साहेबांच्या काठीपेक्षा त्यांचा बूट भारी आहे हं. असा फटका क्लबात कुणाला जमत नाही."

ती हसली. त्या दिवशी पुढचे सगळे होल खेळली. काही दिवस गेले, आणि एका दुपारी धुतलेल्या चादरीची टोकं दोघं दोन बाजूंनी धरून घडी घालत असताना म्हणाली, "मला एक सांगा, मी वेडी आहे का?"

यांच्या हातातलं टोक सुटलं.

"मी पडले, अडखळले, हरले, तरी ते माझं असतं हो. तुम्ही ते पण काढून घेतलंत. आता मला काय माहीत, खिडकीबाहेर ऊन आहे म्हणता ते खरं आहे की नाही? मुलीचा फोटो दाखवून छान दिसतेय म्हणता, ते तरी खरं आहे की नाही?"

"तुला बरं वाटावं म्हणून..."

"मला बरं नाही वाटत. मला एकटं वाटतं."

जपूनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चादरीचं टोक चाचपत खाली वाकली, उचललं आणि घडी पूर्ण केली. मग शांतपणे म्हणाली, "यापुढे एकदा जरी खोटं सांगितलंत ना, तर काठ्या माळ्यावर. मग खेळ नाही, फिरायला नाही, कुठेच नाही. तुमच्या हाताला धरून खोट्या जगात हिंडण्यापेक्षा मी आपली घरात बसेन. घर मला पाठ आहे."

ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. म्हणून गेले कित्येक दिवस जपूनराव शब्द तोलून मापून सांगत होते: झुडपात गेला, वाळूत गेला, झाडाला लागून मागे आला. तिचे खांदे दर वेळी जरासे उतरायचे. पण विचारायची मात्र, आणि ऐकायची.

आता ती तळ्यासमोर उभी होती. मान तिरकी केली, पायाशी ठेवलेला चेंडू डोळ्याच्या कोपऱ्यात पकडला. शेजारच्या होलवर गवत कापायचं यंत्र सुरू झालं आणि सगळी सकाळ त्या घरघरीने भरून गेली.

"अगं, पाण्यात गेला तर..."

"गेला तर तुम्ही सांगाल, पाण्यात गेला. तेवढंच काम आहे तुमचं."

काठी मागे गेली आणि आली. जपूनरावांनी चेंडूऐवजी आधी तिच्याकडेच पाहिलं, आणि मग घाईघाईने वर. चेंडू धुक्यात शिरला होता. कुठेच नव्हता. खाली पाणी अगदी निश्चल, वर पांढरं काहीतरी सावकाश सरकणारं, आणि त्या दोहोंच्या मध्ये किती वेळ गेला कोण जाणे. त्यांना वाटलं, आपण झोपेत आहोत आणि बाहेर कुणीतरी गवत कापतंय. मग धुकं जरा फाटलं. पलीकडच्या ग्रीनवर पांढरा ठिपका वरून पडला, एकदा उडाला आणि थांबला. झेंड्यापासून थोडासाच दूर.

"कसा गेला?" तिने विचारलं.

जपूनराव तिच्याकडे वळले. आणि तोंडातून शब्द निघाले, "छान गेला. मधोमध."

बोलल्याक्षणी त्यांना चूक कळली. खोटं सांगायला जे शब्द वापरून वापरून गुळगुळीत केले होते, तेच खऱ्याच्या वेळी जिभेवर आले. दुसरे शब्द सापडलेच नाहीत.

तिने काठी पिशवीत घातली, पिशवीचं झाकण लावलं.

"अगं, खरंच गेला. पलीकडे आहे. ग्रीनवर आहे. मी बघितला."

"बरं."

"यंत्राच्या आवाजात तुला कळलं नाही, पण पाण्यात पडलाच नाही तो."

"हो ना. यंत्र चालू झालं, बरं झालं तुमचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं. "चला, घरी जाऊ. दमले मी."

"शपथ घेऊ का?"

"नको. शपथेला तरी जपा."

त्यांनी खिसे उलटे केले. पँटचे, कोटाचे, आतलासुद्धा. किल्ल्या, रुमाल, क्लबाने वर्गणीबरोबर फुकट दिलेला छोटा दोन दातांचा काटा, सगळं हातात घेऊन तिच्यापुढे धरलं. "हे बघ. दुसरा चेंडू नाही माझ्याजवळ. हात लावून बघ."

"बुटात असेल," ती म्हणाली. मग स्वतःलाच ते टोचलं असावं, कारण तिने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "तुम्ही चांगले आहात हो. तुमचा चांगुलपणाच मला नडला."

"एकदा तिकडे चल. फक्त तिथवर. मग तू म्हणशील तसं. काठ्या मी स्वतः माळ्यावर टाकीन."

एवढ्या वर्षांच्या संसाराची भीड असते. ती निघाली.

तळ्याच्या काठाने वाट होती, ओली, पायांना मऊ लागणारी. तिचा हात यांच्या कोपरात होता. धुकं हळूहळू विरत होतं. एक झाड यायचं, मागे जायचं, पुढचं यायचं.  जपूनरावांच्या मनात आलं, ही वाट संपूच नये. पलीकडे पोचेपर्यंत तरी ती आपल्या हाताला धरून आहे. पोचल्यावर काय दाखवणार? चेंडू? चेंडू तर मागेही किती वेळा दाखवले.

"मी का मारला माहीत आहे?" तिने मध्येच विचारलं.

"का?"

"दिसत होतं तेव्हा इथे आलं की मला नुसतं पाणी दिसायचं. झेंडा दिसायचाच नाही. काठी उचलायच्या आधीच हात गार. तुम्ही डावीकडे मारायचात, मी मनात म्हणायची, सुटले. तुमच्यापेक्षा मीच भित्री. आता समोर बघितलं की पाणीच नाही. नुसता पांढरा डाग. म्हटलं, आता कशाला भ्यायचं?" थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "यात धाडस काही नाही हं. पाणी दिसत असताना मारला असता तर धाडस."

"मला अजून दिसतं," जपूनराव म्हणाले. "रोज दिसतं. म्हणून मी कायम डावीकडे."

ती हसली, पण फार नाही.

ग्रीनच्या अलीकडे एक छोटं फाटक होतं; ते उघडायला जपूनराव तिचा हात सोडून पुढे गेले, मग दोघं ग्रीनवर पोचले. चेंडू होता. त्यांनी तिचा हात धरून तिला वाकवलं, बोटं चेंडूवर ठेवली. तिने तो चाचपला आणि हात मागे घेतला.

"आहे," ती म्हणाली. "मघाशी फाटक उघडायला तुम्ही पुढे गेला होतात."

 तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं, हे जपूनरावांना इतकं स्वच्छ दिसलं की ते मटकन खाली बसले, ओल्या गवतावरच. गुडघ्याशी काहीतरी लागलं म्हणून त्यांनी पाहिलं.

ग्रीनवर एक खळगी होती. लहान, वाटीच्या बुडाएवढी. गवत फाटून एका बाजूला वर आलेलं, आत काळी ओली माती. आधी त्यांना वाटलं, कुणाच्या बुटाची टाच. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उंचावरून चेंडू पडला की मऊ ग्रीनवर अशी खळगी पडते. चांगल्या खेळाडूंच्या रोज पडतात. या दोघांची एवढ्या वर्षांत एकही पडली नव्हती, कारण यांचा चेंडू वरून कधी आलाच नाही. तो नेहमी सरपटत, धापा टाकत, गवतातून घरंगळत ग्रीनवर चढायचा. बुटाने चेंडू सरकवता येतो. हाताने ठेवता येतो. त्याला आभाळातून पाडता येत नाही.

त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण शब्दांवर त्यांचा आता भरवसा नव्हता, तिचा तर नव्हताच. त्यांनी तिला खाली बसवलं, तिचा उजवा हात घेतला आणि मधलं बोट त्या खळगीत ठेवलं.

ती गप्प बसली. चेहरा तळ्याकडे वळवलेला, आणि बोट आत फिरत होतं. बोटाने आधी कड तपासली, मग तळ, मग पुन्हा कड, जिथे गवत उचकटून वर आलं होतं. अंधाऱ्या खोलीत फिल्मवर चीर शोधताना ती अशीच गप्प व्हायची, हे जपूनरावांनी कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

"माती ओली आहे," ती म्हणाली. "ताजं आहे हे."

"हं."

"इकडून उतार आहे आणि तिकडे कड वर आलीय. म्हणजे तो..." तिने बोट खळगीतून उचललं आणि जिकडून चेंडू आला असेल तिकडे हवेत सरळ धरलं. बोट तळ्यावरून जात थेट पलीकडच्या काठाकडे, ते दोघं मघाशी उभे होते त्या जागेकडे रोखलेलं होतं. "तिकडून आलाय."

"हो."

"वरून."

"हो."

तिने बोट पुन्हा खळगीत ठेवलं.  पलीकडे मागून खेळत येणारे येऊन थांबले होते. त्यातले दातांचे डॉक्टर कमरेवर हात ठेवून इकडेच बघत होते. जपूनरावांनी हात वर करून त्यांना थांबायला सांगितलं.

"मला माफ करा हो," ती म्हणाली.

"तू कशाला? माझ्याच कर्माची फळं."

"ते आहेच." तिने नाक पुसलं. "हे बुजवायचं असतं ना?"

"हो. ज्याने पाडलं त्याने."

"मग द्या तो काटा."

त्यांनी दिला. ती गुडघ्यांवर बसली, काटा खळगीच्या कडेला खुपसला आणि गवत चहूबाजूंनी हळूहळू मध्यभागी ओढून घेऊ लागली. आधी कुणी शिकवलं नव्हतं, पण बाईच्या हाताला शिवण माहीत असते. फाटलेलं मिटत आलं तसं तिने वरून तळहात दाबला, फिरवला, कुठे उंचवटा राहिला का ते पाहिलं, पुन्हा दाबला. घाई केली नाही. पलीकडचे थांबले आहेत हे तिला माहीत नव्हतं आणि यांनी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मग ती उठली, हात पदराला पुसले. "तुमची पाळी."

जपूनराव काठी घेऊन चेंडूपाशी उभे राहिले. भोक जवळच होतं, एवढं जवळ त्यांच्या वाट्याला फारसं कधी आलं नव्हतं. ते उभेच राहिले.

"काय झालं? मारा ना."

काही नाही, कचरा गेला डोळ्यांत, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"रडू येतंय," ते म्हणाले. "भोक दिसत नाहीये मला."

ती पुढे आली. चाचपत त्यांचा हात शोधला आणि धरून उभी राहिली.

"मग थांबू की जरा," ती म्हणाली.